नादारीचा वकील

आत्याबाई,

काल दुपारी शेजारच्या क्वार्टरमधली बाई माझ्याकडे येऊन बसली. मी सध्या ऊर्जानगरला तुमच्या नातवाकडे असते. तिच्या भावाचं टायरचं दुकान बुडालं आहे. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "आजी, दिवाळं काढाले बी वकील लागते म्हणे. असा वकील भेटते कुठी? आन् ज्याच्यापाशी पैसेच नाई, त्यानं वकिलाले द्याचं काय?" मला हसू आलं. बिचारीला वाटलं मी तिच्या भावाला हसले. मी तिची समजूत काढली, कोर्टाकडे कोणाला भेटायचं ते सांगितलं, पण ती गेल्यावर माझं कशातच लक्ष लागेना. हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता आणि विचारणाऱ्या तुम्ही होता, चांद्याच्या कोर्टाच्या आवारात, भर उन्हात, डोक्यावरचा पदर दातात धरून. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलणं चाललं आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगायची तर सगळं पहिल्यापासून आठवावं लागेल, म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन चामोर्शीला तुमच्या घरी आले त्याला वर्षही झालं नव्हतं. तुमचा मुलगा नागपूरला कंपाउंडरीचं शिकत होता आणि घरात सासू-सासरे, म्हणजे तुम्ही आणि मामाजी, आणि मी अशी तीनच माणसं. मला तुमची भीती वाटायची. तुम्ही बोलायला लागला की मामाजींची सुद्धा सुटका नसायची, तिथे माझं काय! आपलं घर तेव्हा जंगलमालावर चालायचं. मामाजी पूर्वेकडच्या गोंडांच्या गावांतून लाख, चारोळी, हिरडा, डिंक घ्यायचे आणि बैलबंडीत भरून चांद्याच्या शेठला नेऊन द्यायचे. खरेदीला पैसा शेठचाच, उचल म्हणून आणलेला. त्या वर्षी लाखेचा भाव चढेल असं कोणीतरी मामाजींच्या डोक्यात भरवलं. त्यांनी माल विकला नाही, टिनाच्या खोलीत पोत्यांची थप्पी लावून ठेवली. टिनाखाली लाख ठेवू नये हे त्या धंद्यात कालच्या पोरालाही कळतं, पण खोली तेवढी एकच होती. मे महिन्यात सगळी लाख वितळली, पोत्यांसकट एकमेकांत मुरली आणि खोलीभर एकच ढेप होऊन बसली. मामाजी कुऱ्हाड घेऊन तिच्यावर घाव घालताहेत, घामाने निथळताहेत, आणि तुम्ही दारात कमरेवर हात ठेवून उभ्या आहात. "फोडा, फोडा," तुम्ही म्हणता, "आता एखांदी मूर्तीच घडवून टाका, बाप्पा. जत्रेत बसवू." मामाजींना त्या अवस्थेतही हसू आलं. मला वाटलं, ही बाई आहे की कोण आहे! त्या दिवशी घरातला सगळा पैसा त्या खोलीत चिकटून बसला होता आणि तुम्ही दोघं हसत होता.

हसणं फार टिकलं नाही. भावही उतरला. शेठने दावा लावला आणि वसुलीची डिक्री घेतली. मामाजी कोर्टात गेले नाहीत, कारण त्यांचं म्हणणं, देणं आहेच तर नाही कसं म्हणायचं. आणि मग नव्याचे दिवस आले. हलकं धान निघालं की गोंडांच्या गावात नवं खातात. पहिल्या तांदळाचा भात आधी देवापुढे ठेवायचा, मग घरात खायचा, आणि त्याच्या आधी जुना हिशेब मागे ठेवायचा नाही. तुमच्या सासऱ्यांपासून आपल्याही घराची तीच रीत होती. लाखेचे अर्धे पैसे त्या लोकांना द्यायचे राहिले होते. मामाजी घुटमळत होते. तुम्ही म्हणालात, बैल विका. बैलजोडी विकली, बंडीही विकली, आणि दोघं पायी निघून गावागावात देऊन आलात. झाडाखाली सगळ्या गावाला बसवून, पाटलासमोर, एकेकाच्या हातात. परत आलात तेव्हा तुमचे पाय सुजले होते आणि चेहरा असा होता की मी तेवढा खूश चेहरा तुमचा पुन्हा पाहिला नाही. मी तुमचे पाय गरम पाण्यात घातले. तुम्ही म्हणालात, "आता कोनी येवो." आणि महिन्याभरात बातमी आली, मामाजींना पकडायचं वॉरंट निघतंय. पैसे फेडू शकत नसेल त्याला शेठ दिवाणी कैदेत टाकू शकतो, हे तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळलं. मामाजी ओसरीवर बसले ते उठेनात. जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक नाही. तुरुंगाची त्यांना किती भीती, तुम्ही पाहिलंय. चोर-दरोडेखोरांत नेऊन बसवतील, मारतील, जात बाटवतील, काय काय त्यांच्या मनात यायचं. शेवटी तलाठ्याने सांगितलं, कोर्टात नादारीचा अर्ज द्या, नादार ठरलात तर तुरुंग टळेल, पण त्याला जाणता वकील लागतो. तुम्ही पदर खोचला. "सूनबाईले वाचता येते. आमी दोघी जाऊन येतो."

वैनगंगा नावेने ओलांडली, मूल गावापर्यंत एका बंडीत मागे बसून गेलो आणि तिथून छोट्या रुळाच्या गाडीने चांदा. मी पाट्या वाचायची आणि तुम्ही आत शिरायचं. पहिल्या वकिलाच्या मुनशीने शेठचं नाव ऐकलं आणि दारातूनच हात जोडले. शेठचं वकीलपत्र आधीच त्यांच्याकडे होतं. दुसऱ्याने आपल्याला खुर्च्या दिल्या, पंख्याची दोरी ओढायला माणूस उठवला, आणि आपण घेणेकरी नसून देणेकरी आहोत असं कळल्यावर दोरी थांबली. तिसरे मात्र सरळ बोलले. "बाई, नादार व्हायला निघालेल्या माणसाची फी मी आधी घेतो. नंतर त्याच्याजवळ असेल ते कोर्टाचं होतं, मला काय मिळणार?" आणि जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून तुम्ही म्हणालात, "एवढे असते तं शेठलेच नसते का देले?" त्यांनाही हसू आलं, पण आकडा काही उतरला नाही. मग कोर्टाच्या आवारात अर्ज लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो काल त्या बाईने मला विचारला. म्हातारा लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाला, "जटपुरा गेटाकडे जा. कौलारू घर, दारात दोन सायकली. ते घेते असे काम. पोट भरत नाई त्याईचं, पण घेते."

त्या घराच्या पुढच्या खोलीत वकीलसाहेब जमिनीवर गादी टाकून बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी नोटिशी काढून दिल्या, ते वाचू लागले, आणि आतून भात लागल्याचा वास यायला लागला. ते वाचताहेत. वास वाढतोय. तुम्ही एकदा खोकलात, दोनदा खोकलात, आणि मग "थांबा जी" म्हणून सरळ उठून आत गेलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या घरात, परक्याच्या चुलीपाशी! आतून पातेलं उतरल्याचा आवाज आला, मग तुमचा, मग एका बाईचा अशक्त आवाज. वकिलांची बायको विषमज्वरातून उठली होती, तिला उभं राहवत नव्हतं, स्वयंपाकाची बाई पळून गेली होती आणि वकीलसाहेब स्वतःच भात चढवून पक्षकाराला बसवत होते. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि बसल्या बसल्या म्हणालात, "वरचा वरचा चांगला आहे. खालचा खरवडू नका. हं, सांगा."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. घर कोणाचं, दागिने काय, दुसऱ्या कोणाचं देणं आहे का. तुम्ही अभिमानाने सांगितलं, "कोनाचंच नाई. गावागावातलं देऊन टाकलं." त्यांची लेखणी थांबली. "कधी?" "नव्याच्या आधी." "पावत्या?" "पावती कायची? आख्ख्या गावानं पाह्यलं." वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, बुडालेल्या माणसाने काहींना पुरं द्यायचं आणि बाकीच्यांना काहीच नाही, हे कायद्याला चालत नाही. असेल ते सगळ्यांत वाटून जायला पाहिजे. आणि दिलंच होतं तर वाजत-गाजत तरी द्यायचं नव्हतं." तुम्हाला राग आला. "लपवून द्याले आमी का चोरी केली होती?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. नंतर जे बोलले ते त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा तुम्हाला आणि एकदा मला. आज अर्ज दिला तर कोर्टाकडून संरक्षण मिळेल, मामाजींना कोणी हात लावू शकणार नाही. पण कोर्ट रिसीव्हर म्हणून एक अधिकारी नेमेल, आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत असं जे वाटलं असेल ते परत मागण्याचा त्याला हक्क. तो त्या गावांत जाणार. पैसे वाटल्यापासून तीन महिने जाऊ दिले आणि मग अर्ज दिला तर त्या पैशाला कोणी हात लावू शकत नाही. पण तोवर शेठ मामाजींना आत घालणार. आणि मामाजी जंगलात लपून राहिले तर त्याहून वाईट, मग फरारी म्हणून शेठच अर्ज देईल, आणि रिसीव्हर तेव्हाही गावांत जाईल. मी लगेच म्हणाले, "मग आजच द्या अर्ज." सुनेने सासूपुढे असं बोलायचं नसतं हे मला कळत होतं, पण तोंडातून गेलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू थांब." मग वकिलांना विचारलंत, "ते लोकं देईन कुठून? त्यायनं मीठ घेतलं, लुगडी घेतली, नवं खाल्लं. आता त्यायले म्हनाचं का, ओका?" वकील म्हणाले, "ते मी काय सांगू, बाई? ठरवायचं घरच्यांनी."

फीचं मात्र तुम्हीच काढलंत. वकील म्हणाले, तुमच्या घरातलं काहीही मला आता घेता येत नाही, मामाजींची छत्री सुद्धा नाही. मी माझी माहेरची साखळी काढायला मानेमागे हात नेला, तशी तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. चांगली लागली. "ते तुह्यं होय. माह्या नवऱ्यापायी तुह्यं सोनं जाईन का? हात खाली कर." आणि वकिलांना म्हणालात, "माह्ये हात तं शेठच्या डिक्रीत नाई ना? तुमच्या घरचे उठतपावेतो मी रांधतो. फी त्याच्यात, आन् कोर्टाचे स्टँपबी त्याच्यातच." वकिलांनी जात विचारली नाही. तिखट किती घालता, एवढंच विचारलं. चामोर्शीच्या बाजारात जिच्या दाराशी माल घेऊन लोक बसायचे ती बाई दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला राहणार, हे मला सहन होईना. तुम्हाला मात्र काही वाटलं नाही, निदान दिसलं तरी नाही. बाहेर पायरीवर आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरी सांगू, वकील म्हनते तीन महिने लागतेच. दुसरा रस्ता नाई." मी म्हणाले, "पण आहे ना, आत्याबाई." तुम्ही नुसतं "सूनबाई" म्हणालात, आणि मी गप्प झाले.

घरी आल्यावर तुम्ही चुलीपुढे बसून, पाठ मामाजींकडे करून ते सांगितलंत. तुम्ही फुंकणी फुंकत होता. जाळ चांगला पेटलेला होता, फुंकायची काही गरज नव्हती. मामाजी चुलीपर्यंत येऊन परत फिरले. मग म्हणाले, "बरं. लागते तं लागते." मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की मी पाण्याला म्हणून उठून गेले. जीव त्यांचा, भीती त्यांची, तुरुंग त्यांचा, आणि त्यांना विचारायचंच नाही? गावातल्या लोकांची दया येते, मग ह्या माणसाची नाही येत? विहिरीवर उभी राहून मी हे सगळं तुम्हाला सुनावलं, मोठ्याने नाही अर्थात.

बेलिफ बाजाराच्या दिवशी आला. सज्जन माणूस होता. मामाजी म्हणाले, जेवून निघतो, तर तोही ओसरीवर जेवायला बसला आणि तुम्ही दोघांना सारखंच वाढलंत. मामाजींचा घास तोंडात फिरत होता. निघताना त्यांनी छत्री घेतली, परत ठेवली, पुन्हा घेतली. बेलिफ म्हणाला, "आत छत्री कायले लागते, भाऊ?" तेव्हा खुंटीला अडकवली. तुम्हीही त्याच नावेने गेलात, चांद्याला, वकिलाच्या चुलीपाशी, आणि घरात मी एकटी राहिले. तुमचा मुलगा दर पंधरवड्याला येऊन जायचा. दिवाणी कैद्याच्या जेवणाचा भत्ता ज्याने आत घातलं त्यानेच भरायचा असतो, आणि त्याने तो भरला नाही तर कैदी सुटतो, हे वकिलांकडून कळलं होतं. मी रोज देवाला सांगायची, शेठला विसर पडू दे. शेठ कसला विसरतोय! एखाद्या बापाने बोर्डिंगातल्या मुलाची फी भरावी तसा पहिल्या तारखेला मुनीम हजर.

त्याच दिवसांत गोंडांच्या एका गावचा पाटील आला. म्हातारा, सोबत दोन बाया. मामाजींना पैशापायी आत घातलं एवढंच त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या पैशाचा त्याच्याशी संबंध आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. ओसरीच्या खाली बसून त्याने कमरेची गाठ सोडली, उरलेसुरले रुपये फडक्यात बांधून आणले होते. "हे घेजो बाई. शेठले दे. भाऊले आनजो." मी त्या फडक्याकडे बघत उभी. आतून वाटलं, घ्यावं, वकिलाकडे जावं, म्हणावं हे बघा परत आले, आता अर्ज द्या. पण तोंडाने मी तुमचंच बोलले. "वकील म्हणतात तीन महिने लागतातच, बाबा. दुसरा रस्ता नाही. पैसे ठेवा." त्याने ते जरा घाईनेच परत कमरेला खोचले. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. त्या बायांनी जाताना टोपलीभर कंद ठेवले, ते मी कितीतरी दिवस उकडून खाल्ले.

पैसे वाटल्याला तीन महिने भरले आणि दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी अर्ज दिला. आठवडाभरात मामाजी बाहेर. रिसीव्हर चामोर्शीला आला, ओसरीवरचं दुकान घेतलं, टिनाची खोली घेतली, लाखेच्या ढेपेला सुद्धा कोणीतरी बोली लावली. भांडी, अंथरूण आणि तुमचं मंगळसूत्र कायद्याने सोडलं. गोंडांच्या गावात कोणी गेलं नाही. पुढे मामाजी धानाच्या एका दुकानात दिवाणजी म्हणून बसायला लागले, तुमचा मुलगा पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात लागला आणि आपण सगळे तिकडे गेलो. तुम्ही वकिलांच्या घरून येताना त्यांच्या बायकोने तुम्हाला निळं लुगडं दिलं होतं. ते तुम्ही कधी नेसला नाहीत, मला दिलंत. मी नेसले की तुम्ही वकीलसाहेबांच्या भाताची गोष्ट सांगायचात आणि हसायचात. पण मामाजींसमोर नाही. मामाजींसमोर तुम्ही वेगळ्याच झाला होता. त्यांना पहिलं वाढायचं, त्यांचं अंथरूण तुम्हीच घालायचं, त्यांनी काही म्हटलं की "हो जी." चेष्टा नाही, टोमणा नाही, तोंडाचा पट्टा जो बंद झाला तो झालाच. शेजारच्या बाया म्हणायच्या, तुरुंगातून आल्यापासून नवऱ्याला देव मानते. मला माहीत होतं काय ते. शेवटच्या आजारात तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "त्यायले कधी मालूम तं नाई झालं ना? का रस्ता होता म्हनून?" मी म्हणाले, "नाही, आत्याबाई. कसं कळेल?" आणि तेव्हा मला खरंच तसंच वाटत होतं. तुम्ही डोळे मिटलेत, आणि मला वाटलं, सुटलात एकदाच्या.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, मामाजी ओसरीवर उन्हात बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत होते आणि मी समोर सुपात दाणे घेत होते. काहीतरी वकीलसाहेबांचं निघालं. मामाजी अगदी सहज म्हणाले, "त्यानं मले पहिल्याच हप्त्यात सांगतलं होतं. वकीलपत्रावर सही घ्याले आला होता जेलात. म्हने, भाऊ, अजूनबी अर्ज देता येते, आज देला तं परवा सुटसान." मी सूप खाली ठेवलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" "म्हटलं, राहू द्या. वकील माह्या होता ना, तिचा कुठी होता? त्याले सांगनंच भाग होतं." त्यांनी पुढची शेंग घेतली. "घरी इचारलं असतं तं मी म्हटलं असतं, देऊन टाका अर्ज. लय भेव लागे मले. मधी गेल्यावर पाह्यलं, कोनी मारत नाई, दोन वेळा भेटते खाले, एक मास्तर होता तो गोष्टी सांगे. मंग भेव कायचं?" मी म्हणाले, "मामाजी, हे तुम्ही आत्याबाईंना का नाही सांगितलं? त्यांनी जन्मभर..." ते हातातल्या शेंगेकडे बघत म्हणाले, "राग आला होता. मले इचारलं काऊन नाई? ती चटनी घेऊन ये जेलाच्या दाराशी, आन् मान खाली घालून उभी राहे. मी मनात म्हनो, राह्य तशीच जराशी. मंग घरी आलो, तं म्हटलं आज सांगू, उद्या सांगू. तिनं मले बोलनंच सोडून देलं, सूनबाई. आधी कशी बोलत होती! मले तेच पाह्यजे होतं तिचं, आन् माह्यानं सांगनं नाई झालं." आणि मामाजी रडले. मी त्यांना त्याच्या आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, बेलिफाबरोबर जातानाही नाही.

तर हे सांगायचं होतं. त्यांना माहीत होतं, आत्याबाई, पहिल्या आठवड्यापासून. त्यांनी तुमच्यासारखंच ठरवलं, तुमच्याशिवाय, आणि तुम्ही दोघं एका घरात, एका ताटाच्या अंतरावर, इतकी वर्षं गप्प बसलात. मी मध्ये होते, पण एकीचं मला माहीत होतं आणि एकाचं नव्हतं. तुम्ही जिवंत असताना हे कळलं असतं तर मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं असतं, तुमच्या हातातलं पातेलं काढून घेऊन सांगितलं असतं. आता हा कागद कुठे धाडणार? सकाळी तुमचा पणतू विचारेल, आजी काय लिहीत होतीस, तर हिशेब लिहीत होते असं सांगेन आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवीन.

आणखी एक आहे, तेही लिहूनच टाकते. लोक तुमचं नाव काढतात, त्या गावांतले तर अजून काढतात, आणि मीही मान डोलावते. पण त्या दिवशी तुमच्या जागी मी असते तर घरी येऊन मामाजींना विचारलं असतं. ते म्हणाले असते, देऊन टाका. मी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला असता, आणि रिसीव्हर त्या पाटलाच्या दारात गेला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. आज सगळं कळूनही, आत्याबाई, मी विचारलंच असतं.